तेल गळतंय म्हंजी तेल हाय

बंगळुरात नोकरीला असताना माझ्या घरमालकांची एक जुनी स्कूटर होती. सकाळी सात-आठ किका मारल्याशिवाय ती सुरू होत नसे आणि दर वेळी ते कपाळावर हात मारून म्हणायचे, ‘‘डकोटा!’’ कानडीत खिळखिळ्या, कुरकुरणाऱ्या गाडीला डकोटा म्हणतात हे मला तिथेच कळलं. बस डकोटा, रिक्षा डकोटा, कॉलेजच्या पोराची बापाकडून आलेली मोटारसायकलही डकोटा. मी काही बोलत नसे, पण दर वेळी आत कुठेतरी लागायचं. माझा मामा हवाई दलात इंजिन फिटर होता, आणि त्याच्या तारुण्याची सगळी वर्षं डाकोटा विमानांच्या इंजिनांखाली गेली होती.

गंमत म्हणा किंवा योग म्हणा, हा शब्द ज्या गावात नाव ठेवायला वापरतात, त्याच गावात हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी विमानांची दुरुस्ती होत होती. युद्ध संपल्यावर जी डाकोटा विमानं भारतात बेवारशी पडून राहिली, त्यांतल्या कितीतरी विमानांना दुसरा जन्म तिथेच मिळाला.

मामा कराडजवळच्या गावातला. १९६५ साली भरती झाला, आणि ट्रेनिंग संपवून थेट आसामात, जोरहाटला. सुट्टीवर यायचा तेव्हा त्याच्या ट्रंकेतून चहाचा पुडा निघायचा आणि तोंडून डाकोटाच्या गोष्टी. आम्ही पोरं विचारायचो, ‘‘मामा, तुमचं विमान किती जोरात जातं?’’ खरं तर ते ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायचं. मामा आकडा सांगतच नसे. तो म्हणायचा, ‘‘जोरात जाणारी लई हायती. कुठंबी उतरणारं एवढंच हाय.’’

त्याच्या गोष्टी बहुतेक तेलाच्या असायच्या. डाकोटाला दोन इंजिनं, प्रत्येकात चौदा सिलिंडर, चक्रासारखे गोल मांडलेले. विमान रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच इंजिन सुरू केलं तर आतला दांडा वाकायचा. म्हणून पहाटे, अजून धुकं उठलेलं नसताना, दोघं-तिघं मिळून पंख्याची पाती हातांनी फिरवायची, एकामागून एक दहा-बारा पाती, रहाट ओढल्यासारखी. मग पायलट बटण दाबायचा, इंजिन दोनदा खोकायचं, निळा धूर सोडायचं आणि लागायचं. इंजिनांखाली कायम पत्र्याचे ट्रे ठेवलेले असत, थेंब धरायला. नवी पोरं घाबरून सांगायला यायची, साहेब, तेल गळतंय. मामा त्यांना सांगायचा, ‘‘तेल गळतंय म्हंजी तेल हाय. गळायचं थांबलं की घाबरायचं.’’

या विमानाची जन्मकथा सरळ आहे. कॅलिफोर्नियातल्या डग्लस कंपनीचं डीसी-३ हे प्रवासी विमान १७ डिसेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडालं, झोपून प्रवास करायच्या गाद्यांसकट. मग युद्ध आलं. गाद्या गेल्या, जमीन भक्कम केली, डाव्या बाजूला मालाचा मोठा दरवाजा बसवला आणि सी-४७ तयार झालं. ब्रिटिशांनी त्याला डाकोटा म्हटलं आणि आपण तेच नाव घेतलं. एका विमानात अठ्ठावीस जवान बसत, नाहीतर साधारण पावणेतीन टन माल मावत असे. अमेरिकेत अशी दहा हजारांहून जास्त विमानं बनली. रशियाने परवाना घेऊन स्वतःची बनवली, लिसुनोव्ह नावाच्या इंजिनिअरवरून त्यांना ली-२ म्हटलं. जपाननेही युद्धाआधी परवाना घेतला होता, त्यामुळे पॅसिफिकच्या आकाशात दोन्ही बाजूंना एकाच आराखड्याची विमानं उडत होती. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरण्याच्या आदल्या रात्री, जून १९४४ मध्ये, आठशेहून जास्त सी-४७ विमानांनी छत्रीधारी सैनिक फ्रान्सच्या अंधारात सोडले. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला ओढ आहे ती युद्ध संपल्यानंतरच्या डाकोटाची.

पण त्याआधी चीनमधली एक गोष्ट सांगतो, कारण ती मामाची लाडकी होती. १९४१ साली जपानी बाँबहल्ल्यात एका डीसी-३ चा उजवा पंख नाहीसा झाला. हाँगकाँगला जादा पंख होता, पण तो त्याच्या थोरल्या भावाचा, डीसी-२ चा, पाच फूट आखूड. तो पंख दुसऱ्या विमानाच्या पोटाखाली बांधून शेकडो मैल उडवत आणला, जखमी विमानाला जोडला, आणि एक पंख लांब, एक आखूड असं ते विमान उडत हाँगकाँगला पोचलं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं डीसी-अडीच. ही गोष्ट सांगताना मामा आपले दोन्ही हात पसरायचा आणि एक कोपरात थोडा दुमडायचा.

जोरहाटची धावपट्टीही त्याच युद्धातली. जपान्यांनी ब्रह्मदेशाचा रस्ता तोडल्यावर आसामातल्या तळांवरून हिमालयाचा कोपरा ओलांडून चीनला माल जाऊ लागला. त्या वाटेवर सुमारे सहाशे विमानं गेली. अरुणाचलाच्या रानात त्यांचे सांगाडे अजून सापडतात. मामा तिथे होता तेव्हा त्याच डोंगरांत आपल्या चौक्यांना रसद टाकायला डाकोटा जात होती. पहाटे तांदूळ, मीठ, रॉकेल भरायचं. तांदळाला दोन पोती, आतलं फाटलं तरी बाहेरचं धरेल म्हणून. विमानाचा दरवाजा काढूनच ठेवलेला. अरुंद दरीत शिरायचं, घंटा वाजली की आतल्या जवानांनी पायाने पोती ढकलायची, वळायचं, पुन्हा शिरायचं. खाली जागा कबड्डीच्या मैदानाएवढी. शेळ्या-मेंढ्यासुद्धा छत्रीला बांधून सोडल्या जात. पावसाळ्यात कॉकपिटच्या काचांतून पाणी गळायचं आणि पायलट मांडीवर रेनकोट पसरून बसायचे. ढगात गेलेलं विमान संध्याकाळी आलं नाही की मेसमध्ये कुणी जेवण वाढून घेत नसे, एवढंच मामा सांगायचा. पुढचं सांगत नसे.

आता मनात घोळत राहिलेल्या गोष्टीकडे येतो. युद्ध संपलं तेव्हा ही हजारो विमानं जगभर जागोजागी पडली होती, स्वस्तात विकायला काढलेली. नेमक्या त्याच वर्षांत आशियात नवे देश जन्माला येत होते. त्यांच्याकडे पैसा नव्हता, कारखाने नव्हते, सिमेंटच्या धावपट्ट्या नव्हत्या. आपल्याकडे तान्ह्या बाळाला पहिलं झबलं कोऱ्या कापडाचं घालत नाहीत. आजीच्या जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाचं शिवतात. कितीतरी नव्या देशांच्या हवाई दलांचं पहिलं झबलं म्हणजे ही डाकोटा.

आपलंच बघा. फाळणीत हवाई दल वाटलं गेलं तेव्हा मालवाहू विमानांची आपल्या वाट्याला आलेली तुकडी एकच, बारा नंबरची स्क्वाड्रन. स्वातंत्र्याला अडीच महिनेही झाले नव्हते. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे दिल्लीहून डाकोटा निघाल्या, आत लेफ्टनंट कर्नल देवान रणजित राय यांची पहिली शीख पलटण. हुकूम असा होता की श्रीनगरच्या विमानतळावर घिरट्या घालून बघा, काश्मीरवर पाकिस्तानातून चालून आलेल्या टोळीवाल्यांनी तो घेतला असं दिसलं तर उतरू नका, जम्मूला जा. तळ अजून हातात होता. कच्च्या पट्टीवर एक विमान उतरलं की धुळीचा लोट उठायचा आणि मागच्याला पट्टी दिसायची नाही. हवाई दलाची विमानं पुरेनात म्हणून प्रवासी कंपन्यांची विमानं आणि त्यांचे पायलट घेतले. काल शेठ-सावकार ज्या खुर्चीवर बसले होते ती खुर्ची काढून तिथे जवान बसले. १७ नोव्हेंबरपर्यंत ७०४ फेऱ्या झाल्या. राय बारामुल्ल्याच्या वाटेवर धारातीर्थी पडले, पण श्रीनगर राहिलं.

आणि मग एअर कमोडोर मेहरसिंग. हवाई दलातली माणसं त्यांना बाबा मेहरसिंग म्हणत. वेढ्यात सापडलेल्या पूंछमध्ये निर्वासितांनी हातांनी धावपट्टी तयार केली होती, तिच्यावर त्यांनी डाकोटा उतरवली. पुढे रात्रीच्या अंधारात, कंदिलांच्या उजेडात तोफा तिथे पोचल्या. त्याच युद्धात डाकोटाच्या दरवाजातून बाँब ढकलून तिचं बाँबफेकी विमानही केलं.

लेहचं तर मला अजून नवल वाटतं. १९४८ च्या हिवाळ्यात मेजर पृथी चंद मूठभर स्वयंसेवक घेऊन बर्फातून जोजी ला ही खिंड चालत ओलांडून लेहला पोचले होते. सोनम नोरबू या लडाखी इंजिनिअरने गावकऱ्यांना हाताशी धरून सिंधूच्या काठी सपाटी केली. २४ मे १९४८ रोजी मेहरसिंग यांनी तिथे डाकोटा नेली, शेजारी जनरल थिमय्या. ना नकाशा धड, ना केबिनमध्ये हवेचा दाब, ना ऑक्सिजनची धड सोय. खिंडी ओलांडताना विमान तेवीस हजार फुटांच्या आसपास होतं, म्हणजे त्याची ताकद संपते त्या उंबरठ्यावर. आणि उतरायची जागा समुद्रसपाटीपासून साडेदहा हजार फुटांहून वर, जिथे हवाच इतकी विरळ की पंखांना धरायला काही नाही. ती उतरली. पुढच्या आठवड्यांत गुरखा जवान त्याच वाटेने लेहला आले. मामा म्हणायचा, इंजिन तेच, फक्त हवा कमी. फिटरने काय काळजी घेतली असेल ते बघ. उड्डाणाची गोष्ट सांगताना फिटरची आठवण काढणारा मी पाहिलेला तो एकटाच.

पाकिस्तानकडेही डाकोटाच होत्या. गिलगिट-स्कर्दूला सिंधूच्या खोल दरीतून त्याही रसद नेत होत्या. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुख्तार डोगर नावाच्या पायलटच्या डाकोटाला आपल्या दोन टेंपेस्ट लढाऊ विमानांनी गाठलं. गोळीबारात आतला एक जवान मरण पावला. डोगर दरीच्या भिंतींना चिकटून, वळणं घेत निसटला आणि त्याला सितारा-ए-जुर्रत हा शौर्यपुरस्कार मिळाला. सव्वा वर्षापूर्वी ही सगळी माणसं एकाच दलात होती. मामाने ही गोष्ट शत्रूची म्हणून कधी सांगितली नाही. ‘‘चांगलं उडवलं त्यानं,’’ म्हणायचा.

इंडोनेशियाची गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळली तेव्हा वाटलं की ही आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती. डच परत येऊन बसले होते, नव्या प्रजासत्ताकाची कोंडी केली होती. पुढे ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले बिजू पटनाईक स्वतः डाकोटा उडवत गेले आणि १९४७ च्या जुलैमध्ये तिथल्या नेत्यांना बाहेर काढून दिल्लीला घेऊन आले. त्याच महिन्यात, २९ जुलैला, त्यांचं आणखी एक विमान, व्हीटी-सीएलए, औषधं घेऊन योग्यकर्त्याजवळ पोचत असताना डच लढाऊ विमानांनी पाडलं. आत इंडोनेशियाच्या हवाई दलाची पायाभरणी करणारी माणसं होती, अदिसुचिप्तो आणि अब्दुलरहमान सालेह. २९ जुलै हा दिवस इंडोनेशियाचं हवाई दल आजही पाळतं. भारतीय नोंदणीच्या एका डाकोटाच्या राखेतून आलेला दिवस आहे तो.

त्यानंतरच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आचे प्रांतात गेले आणि विमानासाठी हात पसरला. लोकांनी सोनं दिलं, बायकांनी दागिने काढून दिले. त्या पैशांतून एक जुनी डाकोटा घेतली. नाव ठेवलं सेउलावा, सोन्याचा डोंगर. १९४८ च्या डिसेंबरात ती दुरुस्तीसाठी कलकत्त्याला आली होती, तेवढ्यात डचांनी योग्यकर्ता घेतलं. घरच राहिलं नाही, परत कुठे जाणार? मग ती ब्रह्मदेशात भाड्याने उडू लागली आणि परागंदा सरकारला पैसे कमवून देऊ लागली. बाईने माहेरचे दागिने मोडून शिलाई मशीन घ्यावं आणि पडत्या काळात त्या मशीनने घर चालवावं, तसं. त्या कलकत्त्याच्या हँगरमध्ये तिच्या इंजिनांना कुणाचे हात लागले असतील, असा विचार माझ्या मनात येतो.

तिसरा देश तर मामाच्या डोळ्यांसमोर जन्मला. १९७१ च्या सप्टेंबरात दिमापूरच्या जुन्या धावपट्टीवर बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीचं हवाई दल उभं राहिलं. विमानं तीन: एक छोटं ऑटर विमान, एक अलुएट हेलिकॉप्टर आणि एक डाकोटा, जोधपूरच्या महाराजांनी दिलेली. जोरहाटचे स्टेशन कमांडर चंदनसिंग त्यांना तयार करत होते. डाकोटाने ढाक्यावर बाँब टाकायचे असं आधी ठरलं होतं, पण रात्री तिच्या इंजिनांच्या धुराड्यांतून निघणाऱ्या ज्वाळा लांबून दिसत, म्हणून तो बेत सोडला आणि तिला मालवाहतुकीवर ठेवलं. ऑटर आणि हेलिकॉप्टरने ३ डिसेंबरच्या रात्री चितगाव आणि नारायणगंजचे तेलसाठे पेटवले. मामाला तेव्हा एवढंच ठाऊक होतं की दिमापूरला काहीतरी चाललंय आणि विचारायचं नसतं.

११ डिसेंबरला टांगाईलला आपली दुसरी पॅरा पलटण आकाशातून उतरली. त्या दिवशीच्या विमानांत मोठी रशियन एएन-१२ होती, पॅकेट होती, कॅरिबू होती आणि डाकोटाही होत्या. ही दुसरी पॅरा म्हणजे मुळातली मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. तिच्यात सातारा, सांगली, कोल्हापूरकडची पोरं. १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या तुकड्यांत ती होती. आमच्या शेजारच्या गावात त्या पलटणीतला एक म्हातारा होता. मामा सुट्टीवर आला की दोघं पारावर बसायचे. हा म्हणायचा मी दरवाजात उभा राहिलो, तो म्हणायचा मी दरवाजा तपासला.

सगळंच काही अभिमानानं सांगण्यासारखं नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकनांनी डाकोटाच्या डाव्या बाजूला तीन मिनीगन बसवल्या, प्रत्येकीतून मिनिटाला सहा हजार गोळ्या. रात्री एखाद्या जागेभोवती डावीकडे घिरट्या घालत वरून ती आग ओतायची. वेढलेल्या चौक्यांतली माणसं त्यामुळे वाचली हे खरं. खाली कोण होतं, हेही खरं. ज्या दरवाजातून मामाच्या जोरहाटात तांदूळ पडत होता त्याच दरवाजाशेजारी त्या बंदुका होत्या. मला ते वाचताना त्रास होतो आणि तो त्रास मी विमानाच्या प्रेमापोटी गिळणार नाही. कोलंबियाच्या हवाई दलाने पुढे तोच नमुना नवीन इंजिनं लावून वापरला, लोक त्याला फांतास्मा म्हणजे भूत म्हणतात.

ती नवीन इंजिनं म्हणजे टर्बोप्रॉप, पंखा फिरवणारी टर्बाइन इंजिनं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधली बॅस्लर कंपनी जुनी डाकोटा घेते, धड सुमारे एक मीटरने लांबवते, इंजिनं बदलते आणि ती पुन्हा कामाला लागते. थायलंडच्या हवाई दलाकडे तशी आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलाने केप टाउनजवळच्या तळावरून टर्बोप्रॉप लावलेल्या डाकोटा समुद्रावरच्या गस्तीसाठी एकविसाव्या शतकातही उडवल्या. हे का शक्य होतं, ते मामाने मला एकदा टेबलावर काड्यापेट्या एकमेकींना चिकटवून दाखवलं होतं. पंख एका तुळईवर नाही, अनेक कप्प्यांवर तोललेला आहे. एक कप्पा गेला तर बाकीचे भार वाटून घेतात. एकत्र कुटुंबासारखं, तो म्हणाला आणि मग माझ्या आजीकडे बघून गप्प झाला. तेव्हा घरात वाटणीची बोलणी चालली होती.

आपल्या हवाई दलातून डाकोटा १९८८ मध्ये गेली. जोरहाटला त्याआधीच एएन-३२ ही नवी मालवाहू विमानं आली होती. मामा तोवर पेन्शनवर येऊन उसाच्या इंजिनाला ऑइल घालत होता.

मे २०१८ मध्ये हिंडनच्या तळावर एक डाकोटा हवाई दलात परत दाखल झाली. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ती ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून हवाई दलाला भेट दिली. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर डाकोटाचे पायलट होते. विमान स्वतःच्या पंखांनी, टप्पे घेत भारतात आलं. नाव परशुराम, आणि अंगावर व्हीपी ९०५ हा क्रमांक, १९४७ साली श्रीनगरच्या मोहिमेत असलेल्या डाकोटाचा. मी त्या आठवड्यात गावी होतो. मामा एकाहत्तर वर्षांचा, एक कान जवळजवळ गेलेला. त्या इंजिनांनीच नेलेला. मी मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्याने चष्मा काढून ठेवला आणि फोन चांगल्या कानाला लावला. बघितलं नाहीच, ऐकलं. पहिलं इंजिन लागेपर्यंत त्याने श्वास धरल्यासारखा वाटला. दुसरं लागल्यावर मान हलवली.

मग म्हणाला, ‘‘फोटो दाव.’’ मी परशुरामचा उभा फोटो काढला, चकचकीत, कुठे डाग नाही. त्याने चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

‘‘इंजिनाखाली ट्रे ठेवलाय का बघ रं.’’

मी फोटो मोठा केला. तो चाकांच्या जरा वरच कापलेला होता, जमीन दिसतच नव्हती. तसं सांगितलं.

‘‘ठेवला असंल,’’ मामा म्हणाला आणि फोन माझ्या हातात दिला.